भोंग्यात घातलेला आवाज

चन्याला घाटे धरले की सकाळी वावरात अनवाणी पाय घालवत नाही. झाडावर दव असतं आणि त्या दवात चन्याची आंब उतरलेली असते. टाचेला भेग असली तर ती अशी झोंबते की माणूस जागच्या जागी नाचतो. आमच्या तरुणपणी बाया उजाडताना चन्यावर धुतलेलं पातळ पसरायच्या, ओलं झालं की पिळून ती आंब बाटलीत भरून ठेवायच्या. पोट दुखलं की चमचाभर. आता कोणी काढत नाही. मीही काढत नाही. दुकानातली गोळी लवकर काम करते.

यंदाही घाटे धरले आहेत. हिरव्या घाट्याचा वास आपल्या नाकाला येतो न येतो तोच रानडुकराच्या नाकाला पोचलेला असतो. डुक्कर घाटे खातं ते खातं, वरून मुळाशी उकरतं, लोळतं आणि जाताना उरलेलं तुडवून जातं. रोही, म्हणजे नीलगाय, जरा सभ्य. ते उभ्यानं शेंडे खातं, मान वर करून आपल्याकडं पाहतं आणि पुन्हा खायला लागतं, जसं काही आपणच त्याच्या ताटाशी आलो आहोत.

आमची वावरं दोन. एक गावाला लागून आणि दुसरं नाल्यापलीकडं, जंगलाच्या काठाला. तिथून गिरडची टेकडी स्वच्छ दिसते. जमीन काळीभोर, ओल धरून ठेवणारी. सोयाबीन निघाल्यावर तिथं चना पेरला की पाण्याची एक पाळी कमी लागते. त्या जमिनीत दोष काही नाही. शेजार वाईट आहे, एवढंच.

माझा आवाज मोठा आहे. आजचा नाही, जन्माचा. चौथीपर्यंत शाळेत गेले, तेव्हा गुरुजी कविता म्हणायला मलाच उभं करायचे, कारण वर्गाबाहेर कौलं शाकारणाऱ्या माणसालाही ती ऐकू जायची. लग्न होऊन इथं आले तर तोच आवाज खोट ठरला. मी नणंदेला जेवायला हाक मारली की सासू कपाळावर हात मारायची.

"हळू बोल ना वो. साऱ्या गावाले आवतन देऊन राह्यली काय?"

मग मी हळू बोलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. हळू बोलले की मला स्वतःलाच खोटं वाटायचं.

एकदा दिवेलागणीला मी नवऱ्याची भाकर घेऊन नाल्यापलीकडच्या वावरात गेले. तो राखणीच्या माळ्यावर बसून गोफणीला दगड लावत होता आणि खाली डुकरांचा कळप चन्यात शिरलेला होता. त्याचा एक दगड तुरीत गेला, दुसरा धुऱ्यावर, बांधाच्या मातीत. मी भाकरीचं फडकं खाली ठेवलं आणि ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. कळप नाला ओलांडून जंगलात गेला, पिलं मागं राहिली ती रडत रडत आयांच्या मागं पळाली. नवरा माळ्यावरून म्हणाला, "मीबी उतरून पळू काय?" त्या दिवसापासून सासूनं मला हळू बोल म्हणणं सोडलं. उलट संध्याकाळी अंगणातून म्हणायची, "जाय वो, एक हाळी मारून ये वावरात." स्वयंपाक ती करायची. मला तो सौदा आवडला.

वावरात ओरडायला लाज लागत नाही, पण कस लागतो. नुसता घसा फाडून काही होत नाही. पोटातून काढावा लागतो आवाज, आणि जनावर कुठं आहे ते पाहून त्याच्या मागच्या बाजूनं लोटावा लागतो. समोरून ओरडलं तर डुक्कर बावचळून अंगावर येतं. हे मला कोणी शिकवलं नाही. ओरडता ओरडता समजलं.

नवरा गेला त्यानंतर रात्रीची जागल माझ्या मुलाकडं आली. मुलाचं नाव प्रमोद. तो भला माणूस आहे, पण त्याचा आवाज बापावर गेला. गार वाऱ्यात माळ्यावर झोपून त्याला खोकला धरला. पुस-माघात तो सकाळी घरी यायचा तेव्हा चुलीसमोर बसून एवढा खोकायचा की सून चहा गाळता गाळता थांबायची. मला तेव्हा नाला ओलांडून रोज जाणं होत नव्हतं, गुडघे बसले होते. मी घराच्या ओट्यावरून ओरडून पाहिलं. गावातले कुत्रे पळाले, डुकरं नाही.

एका पेरणीच्या वेळी तो बियाण्याच्या पोत्यावर बसला आणि म्हणाला, "माय, यंदा शेवटचं. यंदा डुकरानं खाल्लं तं नाल्यापल्याड पुन्हा बी नेनार नाई. पडीत राहू दे ते वावर."

मी म्हटलं, "पडीत राह्यलं तं जंगल होते तिथी. मंग डुक्कर नाल्याच्या अल्याड येईन."

"येऊ दे," तो म्हणाला आणि पुन्हा खोकला.

माणूस खोकत असताना त्याच्याशी भांडण्यात अर्थ नसतो. पण पडीत वावर मी पाहिलेलं आहे. पहिल्या वर्षी कुंदा येतो, दुसऱ्या वर्षी बोरी, मग बाभळी, आणि मग कोणी म्हणत नाही की इथं कधी चना होत होता. आमची काळी जमीन तशी होणार हे मला गिळवत नव्हतं.

ते वर्ष मला नीट आठवतं. थंडी उशिरा आली होती. कपाशी एकदम फुटली, म्हणून वेचायला बाया मिळत नव्हत्या. प्रमोद हिंगणघाटला गेला आणि एक भोंगा घेऊन आला. हिरवा, प्लास्टिकचा, खाली बॅटरीची पेटी. पेटीच्या बाजूला एक बारीक खाच होती आणि त्या खाचेत नखाएवढी काळी चिप. दुकानदारानं चिपेत वाघाची डरकाळी भरून दिली होती. भोंगा माळ्याच्या खांबाला बांधला की थांबून थांबून आपोआप ओरडणार. प्रमोदनं मला चिप दाखवली. मी तळहातावर घेतली. एवढ्याशा वस्तूत वाघ मावतो यावर माझा विश्वास बसला नाही, पण मी तसं म्हटलं नाही. डोंगराएवढा रेडिओ घरात येऊन गेला, टीव्ही येऊन गेला. दर वेळी आपण विश्वास ठेवत नाही आणि दर वेळी ती वस्तू चालते.

पारखायला म्हणून त्यानं भर दुपारी भोंगा लावला. शेजारचं वावर माझ्या धाकट्या दिराचं, महादेवचं. तिथं बाया कापूस वेचत होत्या. पहिली डरकाळी निघाली आणि बाया ओटीतला कापूस सांडत गावाकडं पळाल्या. एकीची चप्पल नाल्यात गेली. दुसऱ्या दिवशी त्या वेचायला आल्याच नाहीत. आमच्याकडं वाघ फिरतो, त्यामुळं त्यांना हसण्यात अर्थ नव्हता. महादेव धुऱ्यावर येऊन म्हणाला, "प्रमोद, तुह्या वाघानं माह्या बाया खाल्ल्या रे!"

आणि डुकरं? सुरुवातीला आली नाहीत. मग आली, लांब उभी राहिली. मग एका सकाळी भोंग्याच्या बरोबर खाली माती उकरलेली होती आणि लोळल्याचा खड्डा पडला होता. एकाच खांबावर बसून ओरडणारा आणि खाली कधी न उतरणारा वाघ त्यांनी ओळखला होता. त्या दिवशी प्रमोदनं वावराकडं पाहिलंही नाही. भोंगा सोडून घरी आणला आणि कोपऱ्यात टाकला.

आता माझ्या सुनेबद्दल सांगते. सुनंदा. कमी बोलते. तिच्या माहेरी सगळेच कमी बोलतात. मी सोयरीक पाहायला गेले तेव्हा तिथं माझाच आवाज होता. कापूस वेचताना ती कमरेला एक लहान डबी लटकवायची. तिलाही अशीच खाच, तीत चिप, चिपेत गाणी. सगळ्या बाया तिच्या ओळीच्या आजूबाजूला तास धरायच्या, गाणी ऐकायला मिळावीत म्हणून. मी म्हणायची, "हिच्या पोटात बोलाची पेटीच नाई, म्हनून कमरेले बांधते." ती हसायची आणि हात चालवत राहायची. हात तिचा चांगला चालतो.

त्या कोपऱ्यात टाकलेल्या भोंग्याकडं पाहून तीच म्हणाली, "आत्याबाई, डुक्कर वाघाले नाई भेत. तुमाले भेते."

"मंग? मले बांधतं काय खांबाले?"

"तुमाले नाई. तुमचा आवाज. मोबाईलमधी भरू, चिप काढू, भोंग्यात घालू."

प्रमोद म्हणाला, "हे काय चालू केलं तुमी?" पण खोकत खोकत तोही उठून बसला.

आम्ही तिघं वावरात गेलो. सुनंदानं मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. "ओरडा." मी उभी राहिले. समोर हिरवागार चना, वर कोतवाल पक्षी, डुकराचा पत्ता नाही. माझ्या तोंडून शब्द निघेना. प्रमोद म्हणाला, "समजून घे ना, डुक्कर आलं." मी म्हटलं, "कुठी आलं?" खरंच कोणी समोर नसताना कसं ओरडायचं? एकदा "हाड" म्हटलं, ते असं निघालं जसं पाहुण्याला चहा विचारते आहे. सुनंदा तोंडाला पदर लावून हसत होती. हिला एवढं हसता येतं हे मला तेव्हा नीट कळलं.

आम्ही परत निघालो तेवढ्यात धुऱ्यावरून महादेवची म्हैस चन्यात उतरली. महादेव मागं उभा राहून तंबाखू मळत होता. ही त्याची रोजची रीत. म्हैस धुऱ्यावर चारायची आणि ती खाली उतरली की दुसरीकडं पाहायचं. मी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

"ए म्हादेव्या! दिसत नाई काय रे? काढ ते म्हैस! काढतं का येऊ मी तिथी? तुह्या बापाचं वावर हाये काय हे? हाड! निंघ! निंघ म्हनतो ना!"

म्हैस निघाली. महादेवही निघाला. नाल्यातले बगळे उडाले. मी दम घ्यायला वळले तर सुनंदा मोबाईल पदराखाली ठेवत होती.

त्याच दिवशी तिनं नखानं मोबाईलमधली चिप काढली आणि भोंग्याच्या खाचेत सारली. टक् असा आवाज झाला. संध्याकाळी प्रमोदनं भोंगा बांधला आणि घरी येऊन जेवायला बसला. आम्ही जेवत होतो आणि नाल्यापलीकडून मी ओरडले. मी घरात, हातात भाकरीचा तुकडा, आणि मीच पलीकडून ओरडते आहे. "ए म्हादेव्या!" थोडा वेळ शांत. पुन्हा, "ए म्हादेव्या! दिसत नाई काय रे?" प्रमोदचा घास तोंडातच राहिला. नाव कापायचं राहून गेलं होतं. ते कापता येतं हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

स्वतःचा आवाज लांबून ऐकणं ही वेगळी गोष्ट आहे. आरशात तोंड दिसतं, पण आपला आवाज आपण आतूनच ऐकतो. तो बाहेरून कसा आहे ते लोकांनाच माहीत असतं. मी ऐकला. चांगला होता. जाड, सरळ, कुठं फाटलेला नाही. सासू म्हणायची तसा मुळीच नव्हता. मी दुसरी भाकर घेतली.

सकाळी महादेव अंगणात आला. टोपी हातात.

"वयनी, डुकराले हाकला. मले काऊन हाकलून राह्यल्या? सारं गाव मले इचारते, म्हादेवभाऊ, रातभर कोठी होते?"

"म्हैस काऊन सोडतं?"

"म्हैस एक डाव आली. भोंगा रोज ओरडते. आन तुह्या बापाचं वावर हाये काय म्हनता. बापाचंच तं होतं वो, वयनी!"

आता हे खरं होतं. त्याचा बाप म्हणजे माझा सासरा. मी म्हटलं, "वाटनी झाली." तो म्हणाला, "ते भोंग्याले सांगा." सुनंदा घरात शिरून हसली. महादेवला चहा दिला, तो प्यायला आणि गेला.

पण डुकरं फिरकली नाहीत. प्रमोद रोज सकाळी नाला ओलांडून जायचा, धुऱ्या-धुऱ्यानं फिरायचा आणि येऊन नुसती मान हलवायचा. जनावर माणसाच्या रागाला ओळखतं. तो राग वाघाच्या डरकाळीसारखा विकतचा नव्हता, त्यात म्हैस होती, चना होता, एवढ्या वर्षांचा धुरा होता. कळपानं आमचं वावर सोडलं आणि जवळच्या ताटाकडं वळला. ते ताट महादेवचं.

तो पुन्हा आला. या वेळी टोपी डोक्यावर होती.

"वयनी, ते चिप मलेबी द्या."

"तुहं नाव हाये त्याच्यात."

"राहू द्या. डुकराले नावाशी काय घेनं?"

सुनंदानं त्याला चिप भरून दिली. त्या माघात संध्याकाळ झाली की महादेवच्या स्वतःच्या वावरात, त्याच्या स्वतःच्या खांबावरून, त्याची वहिनी त्याला निघ म्हणून ओरडायची. मग पलीकडच्या पाटलाच्या वावरात, मग नाल्याच्या वरच्या अंगाला. ज्याला पाहिजे तो चिप घेऊन येत गेला. एका संध्याकाळी मी ओट्यावर बसले होते आणि चारी बाजूंनी मीच ओरडत होते. एकीचं संपलं की दुसरी सुरू. बाहेरगावची एक पाहुणी घाबरून म्हणाली, "कोन बाई हाये वो हे? इतकं कोनावर चिडली?" मी म्हटलं, "मी."

प्रमोद तो सगळा हिवाळा घरात झोपला. खोकला उतरला. चना सोंगून, कापून खळ्यावर गंजी लागली तेव्हा तिच्याआड माणूस उभा राहिला तर दिसत नव्हता. घाट्यातले हिरवे सोले आधीच घरोघरी जाऊन आले होते, सोलेभाताचा वास गल्लीत फिरत होता. थ्रेशरच्या धुळीत प्रमोद उभा होता, डोक्याला दुपट्टा, डोळे लाल. त्यानं पडीत हा शब्द काढला नाही. मीही काढला नाही. पुढच्या सोयाबीननंतर नाल्यापलीकडं बी गेलं. त्याच्या पुढच्याही.

लोक मला विचारतात, एवढ्याशा चिपेत आवाज कसा राहतो. मला माहीत नाही. मला एवढं समजतं की जिथं आवाज पोचत नाही तिथं तो खाचेतून घालता येतो. ज्या आवाजासाठी मी एका घरात खाली मान घालून बोलणी खाल्ली, तो आवाज आज गाव आपल्या वावरात लावतं, म्हातारी घरात राहते आणि तिचा दरारा धुऱ्यावर उभा असतो. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. लपवायला काही कारण दिसत नाही.

पण डुक्कर मूर्ख नाही. वाघ ओळखायला त्याला थोडे दिवस लागले, मला ओळखायला काही वर्षं लागली. यंदा घाटे धरायला सुरुवात झाली आणि एका सकाळी प्रमोद धुऱ्यावरून परत आला तो त्याच जुन्या तोंडानं. कोपऱ्यातला तुकडा उकरला होता. मी तिकडून ओरडत होते आणि ते खात होतं.

"नवा आवाज भरा लागते," सुनंदा म्हणाली.

मी उभी राहिले, पोटातून काढायला गेले आणि निघाला तो नुसता वारा. घसा गेलेला आहे. उन्हाळ्यापासून तसाच आहे. डॉक्टर म्हणतो वय झालं. वय झालं ते मलाही दिसतं, त्यासाठी डॉक्टर लागत नाही. प्रमोद हळूच म्हणाला, "माय, मी म्हनत होतो ना. जाऊ दे ते वावर आता." राग नव्हता त्याच्या बोलण्यात. म्हणून मला जास्त लागलं.

मी सुनंदाला म्हटलं, "चाल."

"कोठी?"

"वावरात. तू ओरड."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी तिला विहिरीत उडी मार म्हणते आहे. तरी आली. प्रमोद मागून आला. या वेळी मोबाईल मी धरला. बोट कुठं ठेवायचं ते तिनंच दाखवलं. ती चन्यात उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "हाड... हाड जी."

मी म्हटलं, "वा. हे तं डुकराले पाट-पानी मांडलं."

"मले नाई जमत, आत्याबाई."

"कोनावर तरी ओरड. माह्यावर ओरड."

"तुमच्यावर कसं ओरडू?"

"तोंडानं. इतके वरीस झाले, काई तं असन पोटात."

वारा सुटला होता, चना एका अंगाला वाकत होता. प्रमोद दूर धुऱ्यावर बसून गवताची काडी मोडत होता. मला दिसलं की हे असं होणार नाही. मी म्हटलं, "तुह्या मायनं तुले हंडे-भांडे देल्ले, घसा द्याले इसरली काय वो?"

तिची मान वर झाली.

"माह्या मायचं नाव नका काढू!"

"काऊन नाई काढू? काय करशीन?"

आणि मग ते निघालं. इतक्या वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. सुरुवातीला माहेर, मग चहा, मग कमरेची गाण्याची डबी, मग बाळंतपणात मी काय म्हटलं होतं ते. काही खरं होतं, काही तिनं वाढवलं. मी मोबाईल धरून उभी राहिले आणि एक शब्द मधे बोलले नाही. आवाज माझ्यासारखा जाड नाही तिचा. बारीक आहे, पण कोयत्याच्या धारेसारखा जातो, नाल्यापर्यंत जातो आणि तिथं वाकत नाही.

"लय झालं! मी पेरलं, मी निंदलं, मी सोंगते! माह्या वावरात पाय ठेवाचा नाई कोनी! निंघा! निंघा म्हनतो ना! निंघा!"

मग ती थांबली. पांढरीफटक झाली होती. "आत्याबाई," ती म्हणाली, "मी..."

"गप," मी म्हटलं. "चांगलं झालं. चिप काढ."

चिप एकदा मातीत पडली. तिनं ती उचलून पदराला पुसली आणि भोंग्याच्या खाचेत सारली. परवापासून संध्याकाळी नाल्यापलीकडून मी नाही, ती ओरडते. दिवेलागणीच्या वेळी माझ्या बरोबरीच्या बाया ओट्यावर येऊन बसतात आणि विचारतात, हा कोणाचा आवाज. मी सांगते, माझ्या सुनेचा. कोणाला हाकलते विचारलं तर तेही सांगते. आज सकाळी प्रमोद वावर पाहून आला. कुठं माती उकरलेली नव्हती. हातपाय धुऊन तो माझ्याजवळ बसला. सुनंदा आत पीठ मळत होती.

"माय," तो म्हणाला, "मंग पुढच्या सालचं काय करावं? पेरावं काय तिथी?"

मी म्हटलं, "मले काऊन इचारतं? जिचं वावर हाये तिले इचार."